ठरलेली वेळ : एल्फिन्स्टनच्या सभेपासून उपनगरांतील ऑनलाइन चर्चेपर्यंत

१/ आठवड्यातील ठरलेला वार, ठरलेली वेळ, आधी जाहीर केलेला विषय आणि एकाच व्यवसायातील माणसे. समाजमाध्यमांवर भरणाऱ्या अशा चर्चा आज अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या तरुणांच्या परिचयाच्या आहेत. साधन नवे आहे. रीत मात्र जुनी आहे. तिचा हा मागोवा.

२/ प्रारंभ फिलाडेल्फियात. १७२७ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन या तरुण मुद्रकाने आपल्या परिचितांचे ‘जुंटो’ नावाचे मंडळ स्थापन केले. दर शुक्रवारी संध्याकाळी बैठक होई. चर्चेसाठी प्रश्न मांडण्याची जबाबदारी सभासदांकडे पाळीपाळीने येई आणि प्रत्येकाने तीन महिन्यांतून एकदा स्वतःचा निबंध वाचावा असा नियम होता. हटवादीपणे बोलणाऱ्यास किरकोळ दंड होई!

३/ आता मुंबईत येऊ. जून १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी दादाभाई नौरोजी तेव्हा अवघ्या २२ वर्षांचे होते. कार्यपद्धती सरळ होती : एकाने निबंध वाचावा, इतरांनी त्यावर चर्चा करावी.

४/ इंग्रजी चर्चेचा लाभ मूठभरांपुरताच राहणार, हे या तरुणांनी लवकरच ओळखले. म्हणून मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’. तिचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू झाले आणि सभेतील निबंध सभागृहाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचू लागले. चर्चेची नोंद ठेवून ती इतरांना खुली करण्याचे महत्त्व त्या पिढीस कळले होते.

५/ या सभेची खरी कसोटी १८४९ मध्ये लागली. स्त्रीशिक्षणावर नुसते निबंध वाचून भागणार नव्हते. सभासदांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आपापल्या कामावर जाण्यापूर्वी, सकाळच्या वेळी, ते तेथे विनावेतन शिकवू लागले. जगन्नाथ शंकरशेट यांनी अशा शाळेसाठी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली. समाजाचा रोष पत्करून त्यांनी आपल्या चर्चेचे कृतीत रूपांतर केले.

६/ मात्र एक मर्यादा ध्यानात घ्यावी. जिच्या शिक्षणाची चर्चा चालली होती, ती स्त्री त्या सभेत नव्हती. शिवाय अशा सभा कोट-गिरगावच्या परिसरात भरत. साष्टीतील गावांत राहणाऱ्यास ते अंतर दुर्लंघ्य होते.

७/ रेल्वेने हे अंतर घटवले. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. वस्ती उत्तरेकडे सरकली, कचेऱ्या बहुतांशी दक्षिणेत राहिल्या. नोकरदाराची संध्याकाळ लोकलच्या प्रवासात सरू लागली. अशा काळात, १९२३ मध्ये स्थापन झालेल्या पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या संस्थांनी व्याख्याने आणि ग्रंथालय घरानजीक आणले.

८/ पुढचा टप्पा पडद्यावरचा. ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर एका विषयाची बोलणी एकत्र बांधण्यासाठी हॅशटॅग वापरण्याची सूचना केली. नोव्हेंबर २००८ मध्ये जनसंपर्क क्षेत्रातील सारा एव्हान्स यांनी ‘जर्नचॅट’ सुरू केले : दर सोमवारी संध्याकाळी पत्रकार, ब्लॉगलेखक आणि जनसंपर्क व्यावसायिक एकाच हॅशटॅगखाली जमत. अशा नियोजित चर्चांचे हे आरंभीचे उदाहरण.

९/ या चर्चांची रीत पाहावी. सूत्रधार क्रमांक देऊन प्रश्न विचारतो, सहभागी तोच क्रमांक देऊन उत्तर देतात. शेकडो बोलले तरी धागा तुटत नाही. नवशिक्याचे उत्तर आणि पंचवीस वर्षांच्या अनुभवी माणसाचे उत्तर एकाच यादीत, एकाखाली एक दिसते. जुंटोतील प्रश्नांची शिस्त येथे नव्या रूपात अवतरली.

१०/ मार्च २०२० मध्ये मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी थांबली. ती सर्वांसाठी पुन्हा खुली झाली १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठरावीक वेळांतच. त्या काळात व्याख्याने, चर्चासत्रे, अभ्यासमंडळे पडद्यावर आली. कोटात बोलणारा वक्ता आणि मुलुंडमधील श्रोता यांच्यातील तासाभराचा प्रवास एकाएकी अनावश्यक ठरला.

११/ तरीही एक प्रश्न उरतोच. अंतर सरले, परंतु वेळेची अडचण सरली नाही. रात्री आठ ही वेळ कोणाच्या सोयीची? त्या घटकेला स्वयंपाक करणारी शिक्षिका किंवा दादरच्या फलाटावर उभी असलेली परिचारिका आजही त्या खोलीबाहेरच आहे. मासिक काढणाऱ्या १८५० च्या पिढीने या अडचणीवर अंशतः तोड काढली होती. चर्चेचा लेखी सारांश आजही तेच कार्य करू शकतो.

१२/ म्हणून अशा चर्चेत सहभागी होणाऱ्या तरुणाने या इतिहासातून चार गोष्टी घ्याव्यात. प्रश्न आधी वाचून जावे. पाळी आली की स्वतःचे काही लिहून मांडावे. जे अनुपस्थित आहेत त्यांच्यासाठी टिपण ठेवावे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाण्यापूर्वी, त्यातले काही करून पाहावे. एल्फिन्स्टनच्या त्या तरुणांचे निबंध आज फारसे कोणी वाचत नाही. त्यांनी काढलेल्या शाळा मात्र इतिहासाने लक्षात ठेवल्या आहेत.