हजेरीपटाबाहेरचा इतिहास : ‘फकिरा’ आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रा. भि. गुंजीकरांच्या १८७१ सालच्या ‘मोचनगड’पासून मानला जातो, आणि तेथून हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’पर्यंत व पुढे रणजित देसाईंच्या ‘स्वामी’पर्यंत (१९६२) तिचे लक्ष मुख्यतः गड, दरबार आणि राजघराणी यांवर राहिले. बखरी, म्हणजे राजकीय घडामोडींचे गद्य वृत्तांत, आणि पेशवे दफ्तरातील कागद ज्यांच्याविषयी बोलतात, त्यांच्याविषयीच कादंबरीकाराला तपशील सापडत असल्याने हे घडले.

गावकुसाबाहेरच्या, अक्षरज्ञानापासून दूर ठेवलेल्या जातींची नोंद झाली ती पुष्कळदा पोलिसांच्या कागदांत. १८७१ सालीच ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, १९११ साली त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढवली, आणि स्वतंत्र भारतात १९५२ साली तो देशभर रद्द होईपर्यंत अनेक पिढ्या हजेरीत, म्हणजे ठरल्या वेळी चावडीवर किंवा चौकीत हजर राहण्याच्या सक्तीत, जगल्या.

वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० साली मांग समाजात जन्मलेल्या, शाळेचा लाभ जवळजवळ न मिळालेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली ‘फकिरा’ लिहिली आणि या कागदांची दिशा उलटवली. सरकारी दृष्टीने दरोडेखोर असलेला फकिरा येथे दुष्काळात उपाशी मरणाऱ्यांसाठी धान्य लुटतो आणि कैदेत पडलेल्या आपल्या माणसांसाठी अखेर स्वतःला सरकारच्या हवाली करतो. त्याची कृती आणि तिचे कारण कादंबरीत एकत्र येतात, तर गुन्ह्याच्या नोंदीत केवळ कृतीच उरते. अण्णा भाऊंजवळ दफ्तर नव्हते. घरात आणि गावात सांगितल्या जाणाऱ्या आठवणी होत्या, आणि पोवाडे व लोकनाट्ये रचताना कमावलेली कथनशैली होती.

मांगांची ओळखही येथे केवळ अन्यायाच्या भाषेत मांडलेली नाही. जोगणीच्या जत्रेचा मान गावाला मिळावा म्हणून फकिराचा बाप राणोजी प्राण देतो, आणि गावचे विष्णुपंत कुलकर्णी मांगांच्या पाठीशी उभे राहतात. त्यामुळे ज्या गावगाड्याने या समाजाला वेशीबाहेर ठेवले, त्याच गावाच्या अब्रूसाठी या समाजाने दिलेली किंमत वाचकासमोर येते. अण्णा भाऊंनी ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, यावरून स्वाभिमानाच्या कोणत्या परंपरेशी ते तिला जोडत होते हेही कळते.

कादंबरीवरून सन-तारखा सिद्ध करता येत नाहीत, आणि फकिराचे प्रत्येक कृत्य घडले तसेच लिहिले गेले असे मानणेही योग्य नाही. परंतु हजेरीपट हा सत्तेच्या बाजूने लिहिलेला दस्तऐवज आहे, ही जाणीव अशा कादंबरीमुळे तीव्र होते आणि ज्यांची केवळ मोजदाद झाली त्यांचे हेतू, नाती व मानापमान यांचा शोध घेणे इतिहासकाराला भाग पडते. दुर्लक्षितांच्या इतिहासलेखनात ललित लेखनाचे हे योगदान मूलभूत मानले पाहिजे.