यंत्रांतील चूक आणि मराठीचा अर्धा ‘र’



कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या वार्षिक समारंभाची पुस्तिका माझ्या हातीं आली. तींतील आभारप्रदर्शनांत असें छापलें होतें कीं, समारंभाच्या दिवशीं आचार्यांनीं पहांटेपासून चुलीपाशीं बसून लाडू वळले. तें वाचून आम्ही शिक्षक मंडळी मनमुराद हंसलों. लाडू वळले होते ते आचाऱ्यांनीं. आचार्य पंक्तींत बसून ते खात होते. ‘आचारी’ या शब्दाचें ‘आचाऱ्यांनीं’ होतें, आणि ‘आचार्य’ या शब्दाचें ‘आचार्यांनीं’. दोहोंत अंतर काय तें एका बांकदार आडव्या रेघेचें. पुस्तिकेचा मजकूर जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिला होता. तो नव्या पद्धतींत उतरवितांना संगणकानें ती रेघ काढून माथ्यावर रफार ठेविला, आणि स्वयंपाक्याचा गुरुजी झाला! हंसें ओसरल्यावर मनांत आलें, ही चूक कोणाची? आणि अशा चुका दुरुस्त तरी कोण करतो? या प्रश्नाच्या मागें लागून जो इतिहास मला सांपडला, तो आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

संगणक हें यंत्र स्वतः निर्बुद्ध आहे. कोणती कळ दाबली गेली, अक्षर पडद्यावर कोठें उमटवावयाचें, कागद केव्हां छापावयाचा, ही सारी व्यवस्था पाहणारा एक कारभारी त्याच्या पोटांत असतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. हा कारभारी म्हणजे माणसांनीं लिहिलेली लाखों ओळींची आज्ञावली. आणि माणसाच्या हातचें लिखाण म्हटलें कीं चुका आल्याच. या चुकांना ‘बग’, म्हणजे किडा, असें नांव आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-दोन या संगणकांत खरोखरीच एक पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटविला, आणि खराखुरा किडा सांपडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची विनोदी नोंद केली. ती वही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत जपून ठेविली आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं, ‘बग’ हा शब्द त्याच दिवशीं जन्मला. परंतु एडिसननें १८७८ सालच्या एका पत्रांत यंत्रांतील बारीक दोषांना हाच शब्द योजिला होता. आणि शब्द आधींच रूढ नसता, तर त्या नोंदींतला विनोद तरी कोणास कळला असता? मला त्या पतंगापेक्षां त्या नोंदवहीचें महत्त्व अधिक वाटतें. चूक सांपडली, ती लिहून ठेविली, आणि पुढच्या माणसास दाखविली. पुढील सारा इतिहास हा या वहीचाच विस्तार आहे.

आतां, चूक दुरुस्त करावयाची तर आज्ञावली पाहावयास मिळाली पाहिजे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत रिचर्ड स्टॉलमन काम करीत असत. तेथील नव्या छपाईयंत्रांत कागद अडके. स्टॉलमन यांना त्याच्या आज्ञावलींत सुधारणा करावयाची होती. परंतु ती गुप्त असल्यामुळें त्यांना ती मिळाली नाहीं. सप्टेंबर १९८३ मध्यें त्यांनीं ‘ग्नू’ नांवाच्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली. तिचा पाठ कोणीही वाचावा, सुधारावा आणि शेजाऱ्यास द्यावा, असा तिचा संकल्प होता. पुढें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें, आपण अशाच कारभाऱ्याचा गाभा लिहीत आहों, असें जाहीर केलें आणि लोकांचें मत मागितलें. त्याचेंच नांव पुढें लिनक्स असें पडलें. आपल्यापैकीं बहुतेकांच्या खिशांतील मोबाइल फोनांत जी अँड्रॉइड नांवाची व्यवस्था असते, तिचा गाभाही हाच आहे.

अशा आज्ञावलीची एक पक्की आवृत्ति असते आणि एक घडत असलेली, कच्ची. पुस्तक बाहेर पडण्यापूर्वीं छापखान्यांतून मुद्रितें तपासावयास येतात, तसाच हा प्रकार. लिनक्समध्यें पूर्वीं एक सुरेख संकेत होता. आवृत्तीचा दुसरा आंकडा सम असला तर ती पक्की, विषम असला तर कच्ची. २.४ निर्धास्तपणें वापरावी, २.५ ज्यानें त्यानें आपल्या जबाबदारीवर घ्यावी. डिसेंबर २००३ मध्यें २.६ बाहेर पडली, आणि त्यानंतर हा संकेत मागें पडला. आतां नवे बदल स्वीकारण्यास सुमारें दोन आठवडे देतात; मग दर आठवड्यास एक उमेदवार आवृत्ति काढून तींतील चुका वेंचतात; आणि एकंदर नऊ-दहा आठवड्यांनीं पक्की आवृत्ति प्रसिद्ध होते. लिनक्सवर उभारलेल्या, १९९३ सालीं सुरू झालेल्या डेबियन या प्रणालींत कायम कच्च्या राहणाऱ्या आवृत्तीस ‘सिड’ म्हणतात. ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटांतील खेळणीं मोडणाऱ्या मुलाचें हें नांव! येथें कांहींतरी मोडणार, असा इशारा नांवांतच देऊन ठेविला आहे. मग अशी आवृत्ति वापरतो कोण? ज्यांना इतरांच्या आधीं चूक पाहावयाची असते, ते. पक्क्या आवृत्तींत आपणांस जें सुख लाभतें, तें या मंडळींनीं आधीं सोसलेल्या त्रासाचें फळ होय.

परंतु चूक दिसणें वेगळें आणि तिचें मूळ सांपडणें वेगळें. काल चालत असलेली गोष्ट आज मोडली, आणि मध्यंतरीं हजार बदल झाले असले, तर त्यांतला दोषी बदल कोणता? भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरांत राहणाऱ्यास याचें उत्तर कापडांतच दिसतें. ताण्याचा एक धागा तुटला आणि तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, तर कापडांत उभी फट पडत जाते. ती कोठें सुरू झाली हें पाहावयाचें तर सारा तागा वीतवीत तपासण्याचें कारण नाहीं. तागा मधोमध उलगडावा. तेथें फट असेल, तर धागा पहिल्या अर्ध्यांत तुटला. नसेल, तर दुसऱ्या अर्ध्यांत. मग त्या अर्ध्याचें पुन्हां अर्धें करावें. बदलांच्या नोंदी ठेवण्यासाठीं टॉरवल्ड्स यांनीं २००५ सालीं ‘गिट’ नांवाचें साधन निर्माण केलें. त्यांत हीच रीत ‘बायसेक्ट’ या नांवानें आहे. तिच्या योगानें हजार बदलांतून दोषी बदल अवघ्या दहा चाचण्यांत हातीं येतो. मात्र फट आहे कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहून सांगणारा माणूस हवा.

आतां आपल्या ‘र’कडे वळूं. शिशाच्या टाइपाच्या काळीं या आडव्या रेघेसाठीं जुळाऱ्याजवळ स्वतंत्र खिळा असे; तो लाविला कीं काम झालें. संगणक अक्षराचें चित्र न सांठवितां त्याचा क्रमांक सांठवितो. जगांतील लिप्यांना असे क्रमांक देणारें ‘युनिकोड’ हें प्रमाण १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील देवनागरीची मांडणी भारत सरकारच्या ‘इस्की’ या प्रमाणावर आधारलेली होती. साधा ‘र’ व हलंत लिहून पुढें व्यंजन लिहिलें कीं रफार उमटतो. हिंदीस तेवढें पुरतें. मराठीस पुरत नाहीं. आपणांस ‘दर्या’ म्हणजे समुद्र हवा, आणि डोंगरांमधल्या ‘दऱ्या’ही हव्या, कऱ्हाड हवें, आणि ‘ऱ्हास’ हा शब्दही लिहितां आला पाहिजे. म्हणून असा नियम झाला कीं, खालीं टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलंत लिहिल्यास ही आडवी रेघ उमटावी. याशिवाय साधा ‘र’, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह, असा दुसरा मार्गही मान्य राहिला. परिणाम असा कीं, डोळ्यांना एकच दिसणारा ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकाच्या पोटांत दोन प्रकारांनीं असूं शकतो. आणि एका प्रकारानें लिहून शोधला, तर दुसऱ्या प्रकारानें लिहिलेला नेहमींच सांपडेल असें नाहीं. मुलगा एकच, पण हजेरीपटांत नांवें दोन, अशांतली ही गोष्ट झाली.

क्रमांकांवरून अक्षरांची जुळणी करण्याचें काम लिनक्सच्या जगांत ‘हर्फबझ’ नांवाची आज्ञावली करते. या नांवांतला ‘हरफ’ आपल्या जुन्या मराठीसही परका नाहीं. ती मुख्यतः इराणांत जन्मलेल्या बेहदाद एस्फहबोद यांनीं घडविली. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड यांतही तीच वापरली जाते. पुण्यांत रेड हॅट कंपनीच्या अभियंत्यांनीं ‘लोहित’ या मुक्त टंकमालेची जोपासना केली. या सर्वांचा पाठ खुला असल्यामुळें आपल्या रेघेची व्यवस्था कशी लाविली आहे, हें कोणासही पाहतां येतें. प्रमाणेंही बदलतात. ‘ॲ’ या आपल्या अक्षरास युनिकोडांत स्वतंत्र जागा मिळावयास २००८ साल उजाडलें. परंतु ती मिळाली.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. मला आज्ञावली वाचतां येत नाहीं. तरी माझ्या भाच्यानें आपल्या जुन्या संगणकावर एक कच्ची आवृत्ति घातली, तेव्हां हौसेनें मी तीवर मराठी लिहूं लागलों. एके दिवशीं ‘कऱ्हाड’ हें नांव जाड ठशांत लिहिलें, तों तें मोडलें. मीं भाच्यास म्हटलें, ‘‘अरे, त्या लोकांना कळव, मराठी बिघडली आहे म्हणून.’’ तो म्हणाला, ‘‘मामा, एवढ्यानें त्यांना काय समजणार? नुसतें ‘गणित येत नाहीं’ असें सांगणाऱ्या मुलाला तुम्ही वर्गांत काय म्हणत होतां?’’ मी वरमलों. ‘कोणतें गणित? कोणत्या पायरीवर अडलास?’ असें मुलांना विचारण्यांत माझा जन्म गेला होता. मग आम्ही दोघे बसलों आणि तक्रार नीट लिहून काढली. कोणत्या दिवसाची आवृत्ति, कोणता टंक, कोणत्या कळा कोणत्या क्रमानें दाबल्या, काय दिसावयास हवें होतें आणि काय दिसलें. साध्या ठशांत शब्द बरोबर येतो, जाड ठशांतच मोडतो. मागच्या आवृत्तींत तो मोडत नव्हता. पुढें कळलें कीं, ही तक्रार आधींच कोणीतरी नोंदविली होती. परंतु दोष जाड ठशांपुरताच आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें नव्हतें. तेवढ्या एका ओळीनें शोध योग्य ठिकाणीं वळला, आणि पुढील महिन्यांत रेघ आपल्या जागीं आली. माझें नांव कोठें छापून आलें नाहीं, आणि यावें असें मोठें काम मीं केलेंही नव्हतें. परंतु मी आधीं सांगत होतों तसें भाच्यानें कळविलें असतें, तर कोणास कांहींच उमगलें नसतें, आणि परक्यांना मराठीची पर्वा नाहीं असें म्हणून मीं वर त्यांनाच दोष दिला असता.

चुकीचें छापलेलें पाहून आपण हंसतों, हळहळतों, आणि मग तसेंच वाचूं लागतों. मोठ्यांना मूळ शब्द ठाऊक असतो म्हणून त्यांचें निभावतें. ज्या मुलानें तो प्रथमच पाहिला, त्यास चुकलेलें रूपच खरें वाटतें. पूर्वीं असें म्हणण्यास जागा होती कीं, यंत्राच्या पोटांत काय लिहिलें आहे तें आपणांस कोण दाखवितो? मुक्त आज्ञावलीच्या या इतिहासानें ती सबब राहूं दिली नाहीं. नोंदवही उघडी आहे. तींत चार ओळी लिहावयास पदवी लागत नाहीं. लागतात ते पाहणारे डोळे, थोडी चिकाटी आणि नेमके शब्द.

ही चूक कोणाची, असा प्रश्न मला त्या पुस्तिकेपाशीं पडला होता. ज्याच्या हातून झाली त्याची ती होतीच. परंतु पाहून जे गप्प बसले, त्यांचीही ती झाली. त्या दिवशीं हंसून पुस्तिका मिटून ठेवणाऱ्यांत मीही होतों.