गावगाड्याबाहेरचे चाक

मराठी समाजचिंतनाने गावाची कल्पना केली ती गाड्याच्या रूपात. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' 1915 साली प्रसिद्ध झाला आणि ग्रामव्यवस्थेला कायमचे एक नाव मिळाले. गाव म्हणजे गाडा, बलुतेदार म्हणजे त्याचे भाग, हे रूपक इतके रुजले की ते रूपक आहे याचाच आपल्याला विसर पडला. परंतु आत्रे लिहीत होते त्याच काळात एक निराळे चाक मराठी मुलखात फिरू लागले होते. ते सुताराने घडवलेले नव्हते, लोहाराने त्यावर धाव चढवली नव्हती, आणि त्याची दुरुस्ती कोणाच्याही वतनात मोडत नव्हती. ते सायकलचे चाक होते. त्या चाकाचा आणि ते सरळ ठेवणाऱ्या बोटभर पान्याचा इतिहास आपल्या अभ्यासाबाहेर राहिला. तो का महत्त्वाचा आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

आधी गाड्याचे चाक पाहू. मध्यभागी लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना परिघ साधणारे पुठे, आणि या सर्वांवर लोखंडी धाव. धाव तापवून प्रसरण पावली की चाकावर चढवावयाची आणि वर पाणी ओतावयाचे. थंड होताना ती आकसते आणि पुठ्यांना व आऱ्यांना आत दाबून जखडते. पुढे भार आला की तुंब्याखालचा आरा खांबासारखा तो तोलून धरतो. म्हणजे हे चाक दाबावर उभे असते. एकदा जखडल्यावर त्यात फेरफार करण्याची सोय नसते. ढिले झाले तर पुन्हा सुतार, पुन्हा लोहार, पुन्हा भट्टी. मधली दुरुस्ती म्हणजे पाचर ठोकणे, फार तर चाक पाण्यात भिजत ठेवणे.

सायकलचे चाक नेमके याच्या उलट तत्त्वावर उभे आहे. त्यातील तार जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची असते. उभी धरून वरून दाबली तर ती लगेच वाकेल, पण ओढली तर माणसाचे वजन सहज पेलील. म्हणून येथे सर्व तारा आधीच ताणून ठेवतात. आजच्या चांगल्या चाकातील एकेका तारेवरचा ताण सुमारे शंभर किलो वजन टांगल्याइतका असतो. स्वार बसला की जमिनीलगतच्या काही तारांचा ताण थोडा उतरतो. बाकीच्यांत फारसा फरक पडत नाही. जोब्स्ट ब्रांट या अभियंत्याने 1981 साली सायकलच्या चाकावर लिहिलेल्या पुस्तकात हा व्यवहार सविस्तर उलगडून दाखवला. भार एखाद्या तारेच्या बळावर पेलला जात नाही; सर्व तारा परस्परविरुद्ध दिशांनी ओढत असतात म्हणून पेलला जातो.

ही कल्पना इंग्लंडमध्ये जॉर्ज केली याने 1808 मध्ये मांडली. पॅरिसच्या यूजीन मेयरने 1869 च्या सुमारास ती सायकलला लावली. पुढच्याच वर्षी कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने विल्यम हिलमनच्या साथीने 'एरियल' ही सायकल आणली. तिच्यात एका दांड्याने सर्व तारा एकदम ताणण्याची योजना होती. युक्ती चतुर होती, पण तिच्यात एक अडचण होती. चाक वाकडे होते ते एखाद्या जागी, दोनचार तारांपाशी. सगळ्यांना सारखाच पीळ देऊन ते सरळ होत नाही. 1874 मध्ये स्टार्लीनेच तुंब्याला स्पर्शरेषेत जाणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या तारांची रचना केली. प्रत्येक तारेच्या टोकाला स्वतंत्र आट्यांची टोपी, म्हणजे निपल, ही व्यवस्था कालांतराने सर्वमान्य झाली. प्रत्येक तारेचा ताण निराळा लावता येऊ लागला आणि त्यासाठी निराळे हत्यार लागू लागले. निपल पिळावयाचा छोटा पाना जन्माला आला तो या गरजेतून.

मराठी मुलखात हे चाक कसे आले, याचे उत्तर साहित्याच्या विद्यार्थ्याला परिचित असलेल्या एका नावापाशी नेते. 'किर्लोस्कर' म्हटले की आपल्याला 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेली 'किर्लोस्कर खबर' आठवते, 1930 ची 'स्त्री' आणि 1934 चे 'मनोहर' आठवते. या साऱ्याच्या मुळाशी बेळगावातील एक सायकलचे दुकान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. त्यांनी व त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी चालवलेले हे दुकान उद्योगसमूहाचा आरंभ मानले जाते आणि त्यासाठी 1888 हे वर्ष सांगितले जाते. कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' ही दोन सारख्या चाकांची सायकल 1885 ची, आणि डनलॉपच्या हवेच्या टायरचे पेटंट 1888 चे. हा कालक्रम पाहिला की बेळगावचे दुकान जगाच्या किती जवळून चालले होते हे कळते.

चरित्रलेखनात हा भाग बहुधा प्रस्तावनेसारखा येतो. खरी कथा लोखंडी नांगरापासून सुरू होते, सायकल म्हणजे पोटापाण्याची सोय, असा त्या मांडणीचा सूर असतो. मला तो अपुरा वाटतो. सायकल विकणाऱ्याला, ती शिकवणाऱ्याला आणि पडून आलेली सायकल पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्याला एक गोष्ट सतत करावी लागते, ती म्हणजे सूक्ष्म माप. भारताच्या वाट्याला आलेल्या जुन्या इंग्रजी घडणीच्या सायकलला पुढे 32 आणि मागे 40 तारा असत. एका इंचात 56 आटे असलेल्या तारेवर निपलचा एक पूर्ण फेरा दिला तर तार अवघी 0.45 मिलिमीटर ओढली जाते; पाव फेऱ्याला 0.11. केसाच्या जाडीची ही भाषा गाड्याच्या चाकाला ठाऊक नव्हती.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर 1910 मध्ये लक्ष्मणरावांना आसरा मिळाला तो औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याकडून, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर. तीच पुढे किर्लोस्करवाडी झाली. औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. औंध, कुंडल, आटपाडी, गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांचा तो होता. एका तुकड्यात कारखान्याची चिमणी उभी राहत असताना दुसऱ्या तुकड्यात, आटपाडी महालात, रेल्वे नव्हती, पाऊस बेभरवशाचा होता आणि वाटा खडकाच्या व बाभळीच्या काट्यांच्या होत्या. ग. दि. आणि व्यंकटेश या माडगूळकर बंधूंचा आणि शंकरराव खरातांचा हा मुलूख. 1955 च्या 'बनगरवाडी'तला तरुण मास्तर याच संस्थानाचा नोकर आहे. गावाने एकजुटीने तालीम उभी करावी म्हणून तो धडपडतो, आणि शेवटी दुष्काळ ते गावच उठवतो. गावगाडा एकत्र केव्हा चालतो आणि केव्हा मोडतो, हे त्या कादंबरीइतके नेमके फार थोड्या ठिकाणी आले आहे.

अशा मुलखात सायकल ही चैन राहिली नाही, गरज झाली. स्वातंत्र्यानंतर मद्रासची टी. आय. (1949), सोनीपतची 'ॲटलास' (1951), लुधियानाची 'हीरो' (1956) अशा कारखान्यांनी ती मास्तर, पोस्टमन, दूधवाला यांच्या आवाक्यात आणली. दगडगोट्यांच्या वाटेवर, मागे धान्याचे पोते किंवा माणूस बसवून चालणाऱ्या सायकलची रिंग वाकडी होणे हे नित्याचेच. दुकानात त्याला 'चाक आउट झालं' म्हणतात आणि सरळ करण्याला 'आउट काढणे'. सायकल उलटी करून सीट व हँडलवर उभी करावयाची, चाक फिरवावयाचे, रिंगेलगत खडू किंवा बोट धरावयाचे. जेथे घासते तेथे चाक त्या बाजूला गेले आहे. रिंग उजवीकडे सरकली असेल तर तुंब्याच्या डाव्या कडेच्या तारा पाव फेरा आवळावयाच्या, उजव्या तितक्याच सैल करावयाच्या. मग पुन्हा फिरवून पाहावयाचे. जाणता कारागीर बोटाने तारा छेडून आवाजही ऐकतो. एका बाजूच्या तारांचा स्वर जवळपास सारखा लागला तर ताण जुळला. एखादी भद्द वाजली तर ती ढिली.

या कामात पान्याची निवड निर्णायक ठरते. निपलच्या चौकोनी अंगाची रुंदी सगळीकडे सारखी नसते. प्रचलित मापे 3.23, 3.30, 3.45 मिलिमीटर अशी आहेत. जाड तारांच्या निपलचे 3.96. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक पाव मिलिमीटरही नाही, पण तेवढ्याने काम बिघडते. सैल पाना निपलच्या कोपऱ्यांवर घसरतो, पितळ मऊ असल्याने कोपरे झिजून गोल होतात, आणि एकदा निपल गोल झाला की तो कोणत्याच पान्याला दाद देत नाही. मग तार कापणे हाच उपाय उरतो. आपल्याकडच्या दुकानांतून सर्रास दिसणारा गोल, कडेला अनेक खाचा असलेला पाना स्वस्त असतो आणि एकात सर्व मापे देतो; मात्र घाईत शेजारची खाच लागते आणि स्वस्त लोखंडाच्या खाचा लवकर रुंदावतात. एकाच मापाचा, कडक पोलादाचा पाना दर वेळी तीच पकड देतो, पण दारात येणारी प्रत्येक सायकल त्याच मापाची नसते. काही पाने निपलच्या दोनच बाजू धरतात, काही तीन, काही चारही कोपरे. जितक्या बाजू अधिक तितकी झीज कमी. परंतु चारही कोपरे धरणारा पाना दर तारेला चढवण्या-उतरवण्यात वेळ अधिक खातो. गंजलेल्या जुन्या चाकाला तो लागतो. रोजच्या झटपट कामाला दोन बाजूंचा पुरतो. लांब मुठीने जोर मिळतो, पण पाव फेऱ्याचा अंदाज हाताला राहतो तो आखूड मुठीच्या पान्यावर. निवडीचा साधा नियम असा की आधी लहान खाच लावून पाहावी, ती चढली नाही तरच पुढची घ्यावी. चढताना किंचित घासली पाहिजे आणि चढल्यावर डुलता कामा नये. सर्वांना लागणारी खाच म्हणजे कोणालाच नीट न बसणारी खाच.

आता गावगाड्याकडे परत येऊ. गाड्याचे चाक सुधारणारा सुतार आणि लोहार जन्माने ठरत आणि त्यांचे मोल खळ्यावर धान्याने चुकते होई. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ' (1981) या आत्मकथनातून आणि दया पवारांच्या 'बलुतं' (1978) मधून त्या व्यवस्थेची खालची बाजू आपण वाचली आहे. त्या यादीत सायकल दुरुस्त करणाऱ्याला जागा नव्हती, कारण यादी ठरली तेव्हा सायकलच नव्हती. त्याची मजुरी रोखीची, कामापुरती, आणि त्याचे ज्ञान कुळाचे नसून हाताचे. दुकानात हाताखाली राहिलेला पोरगा ते उचलू शकत होता. याचा अर्थ सायकलच्या दुकानाने जात मोडली असा नव्हे. जागा, भांडवल, गिऱ्हाईक यांवर जुन्या पकडी होत्याच, आणि सायकल विकत घेणे हेच पुष्कळांच्या आवाक्याबाहेर होते. परंतु जे काम कोणाच्या वतनात लिहिलेले नाही, जे करण्याला पोटजात आड येत नाही, असे एक हत्यार गावाच्या चावडीसमोर येऊन बसले ही घटना लहान नाही. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द होण्यापूर्वीच, वतन नसलेल्या कारागिरीचा एक नमुना रस्त्याच्या कडेला उभा होता.

मराठी समीक्षेला मात्र गाड्याचीच प्रतिमा जवळची वाटली. उपनिषदांपासून चालत आलेली, तुंब्यात रोवलेल्या आऱ्यांची प्रतिमा आपल्या संस्कारात आहे. तिच्यात केंद्र आधार देते आणि आरे आधार घेतात. तारांच्या चाकात केंद्र स्वतःच तारांना टांगलेले असते. समाज परस्परांच्या ओढाताणीवर उभा राहू शकतो, तो ताण दोष नसून त्याची ताकद असते, आणि तो पुन्हापुन्हा, थोडा थोडा, एकेक तार पाहून जुळवावा लागतो, हे सांगणारी प्रतिमा शंभर वर्षे आपल्या दारात फिरत होती. तिला आपण साहित्यात फारसे घेतले नाही.

याला भाषेचेही एक कारण आहे. तुंबा, पुठा, धाव, कुणी हे शब्द आपण 'अस्सल' म्हणून जपतो आणि ग्रामीण कादंबरीच्या तळटिपांत त्यांचे अर्थ देतो. रिंग, निपल, आउट हे शब्द इंग्रजी म्हणून बाजूला ठेवतो. पण 'आउट काढणे' हा वाक्प्रयोग इंग्रजीत नाही. तो सायकल दुकानातल्या मराठीने घडवला आहे. मोल्सवर्थचा कोश 1831 चा, त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची. तारांचे चाक त्यानंतरचे. तेव्हा ही शब्दसंपदा नोंदवण्याचे काम नंतरच्यांचे, म्हणजे आपले होते. मोटारसायकलींच्या बऱ्याच चाकांत आता तारांऐवजी ओतीव धातूचे आरे आले आहेत, 'ॲटलास'च्या साहिबाबाद कारखान्याचे काम 2020 मध्ये थांबले, आणि आउट काढणारे हात दर वर्षी कमी होत आहेत. बोलीच्या अभ्यासासाठी प्रकल्पाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने तालुक्याच्या बाजारपेठेतील सायकल दुकानात एक दुपार बसावे. तेथे कोणता पाना, का, आणि त्याला काय म्हणतात, एवढे जरी त्याने लिहून आणले तरी गावगाड्याच्या इतिहासातील एक गाळलेले पान हाती येईल.