दीडशे रुपयांची शपथ आणि राष्ट्रपती भवन

मैत्रिणींनो, ५ सप्टेंबर जवळ आला की घरोघरी नातवंडांची भाषणं सुरू होतात. विषय ठरलेला, डॉ. राधाकृष्णन. ते योग्यच आहे. पण त्यांच्यानंतर १९६७ मध्ये जे राष्ट्रपती झाले, ते डॉ. झाकीर हुसेन हेही पेशाने शिक्षकच होते. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज त्यांची गोष्ट.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ चा, हैदराबादचा. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या कायमगंजचं. वडील हैदराबादला वकिली करत. झाकीर दहा वर्षांचे असताना वडील गेले आणि १९११ मध्ये प्लेगच्या साथीत आई गेली. मुलगा तेव्हा इटाव्याच्या शाळेत शिकत होता. चौदाव्या वर्षी आईवडिलांचं छत्र हरपलं, पण शिक्षण सुटलं नाही. पुढे ते अलीगढच्या कॉलेजात गेले.

१९२० च्या ऑक्टोबरात गांधीजी अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारी कॉलेजं सोडा, असं त्यांचं सांगणं होतं. झाकीर हुसेन यांनी ते मानलं. त्यांच्यासारख्या काही विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून २९ ऑक्टोबर १९२० ला एक नवी राष्ट्रीय शिक्षणसंस्था उभी केली, जामिया मिलिया इस्लामिया. चांगली नोकरी समोर दिसत असताना तेविसाव्या वर्षी असा निर्णय घेणं सोपं नव्हे.

नंतर ते जर्मनीला गेले आणि १९२६ मध्ये बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तिकडे असताना गालिबचा दिवाण छापून घेण्यासाठी छापखान्यात उभं राहून त्यांनी स्वतः खिळे जुळवले. हाताने काम करत शिकायचं, हा जर्मन शिक्षणतज्ज्ञांचा विचारही त्यांच्या मनात तिथेच रुजला.

इकडे जामियाची अवस्था मात्र बिकट झाली होती. संस्था आता दिल्लीत करोल बागेत आली होती. सुरुवातीला पैसा खिलाफत चळवळीतून येई. १९२४ मध्ये तुर्कस्तानात खलिफापदच रद्द झालं, चळवळ ओसरली आणि पैसाही आटला. हकीम अजमल खान स्वतःच्या खिशातून संस्था चालवत होते, तेही १९२७ च्या डिसेंबरात वारले. झाकीर साहेब बर्लिनहून दोन मित्रांना घेऊन परतले आणि एकोणतिसाव्या वर्षी या संस्थेचे कुलगुरू झाले.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. जमेची बाजू रिकामी आणि खर्च तर थांबत नाही, अशा वेळी संस्था एकतर बंद पडते नाहीतर कुणाच्या तरी दावणीला बांधली जाते. इथे १९२८ मध्ये शिक्षकांनीच एक मंडळ काढलं आणि शपथ घेतली. वीस वर्षं संस्थेची सेवा करायची आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही. आपल्याकडे परिग्रह-परिमाण व्रत घेतात, मर्यादा आधीच ठरवून टाकतात. हे त्याच जातीचं वाटतं ना? आणि अशी शपथ एकट्या पुरुषाची नसते बरं. तेवढ्यात घर चालवायचं असतं ते घरातल्या बाईला. म्हणून त्यांच्या पत्नी शाहजहाँ बेगम यांचाही त्या वीस वर्षांत वाटा आहे, असं मी धरते.

बर्लिनमध्ये ओळख झालेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन ज्यू बाईही जामियात आल्या आणि लहान मुलांच्या वर्गांत रमल्या. मुलं त्यांना आपाजान म्हणत. १९४३ मध्ये त्या इथेच वारल्या आणि त्यांची कबरही जामियाच्या कब्रस्तानात आहे.

झाकीर साहेबांची एक आठवण सांगितली जाते. शाळेचा निकाल लागला होता आणि ते मुलांना मिठाई वाटत होते. तेवढ्यात त्यांची लहानगी मुलगी रेहाना गेल्याचा निरोप आला. त्यांनी वाटप थांबवलं नाही. मुलांचा आनंद मोडू नये म्हणून पूर्ण करून मगच घरी गेले. पुढे मुलांसाठी गोष्टी लिहिल्या त्या याच लेकीच्या नावाने. ‘अब्बू खाँ की बकरी’ त्यांतलीच.

आता आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा संबंध. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. मुलांनी हस्तोद्योगातून शिकावं आणि त्याच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च भागावा, अशी गांधीजींची कल्पना होती. पहिला भाग झाकीर साहेबांना मनापासून पटला. दुसऱ्याबद्दल त्यांनी गांधीजींसमोरच शंका काढली. उत्पन्नावर भर दिला तर शिक्षक मुलांकडून कामच करून घेत बसतील, शिकवणं बाजूला राहील. तरीही योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष गांधीजींनी त्यांनाच केलं! समितीत विनोबा, काका कालेलकर, कुमारप्पा, आशादेवी अशी मंडळी होती. ‘नई तालीम’ म्हणून आपण जी ओळखतो, ती ही योजना.

फाळणीचे दिवस त्यांनी जिवावर झेलले. ऑगस्ट १९४७ मध्ये जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना घेरलं होतं. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांना वाचवलं. त्यानंतरही मनात कडवटपणा न धरता १९४८ मध्ये त्यांनी अलीगढ विद्यापीठाचं कुलगुरुपद घेतलं आणि हादरलेली ती संस्था आठ वर्षं सांभाळली.

मग आली मानाची पदं. १९५७ मध्ये बिहारचे राज्यपाल म्हणून नेमणूक झाली, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न आणि १३ मे १९६७ ला ते राष्ट्रपती झाले. या पदावरचे ते पहिले मुसलमान. सारा भारत हेच आपलं घर, असं त्यांनी त्या वेळी सांगितलं.

अशा पदांना शोभेची पदं म्हणतात. राज्यकारभार मंत्री चालवतात, राज्यपाल आणि राष्ट्रपती त्यांच्या सल्ल्याने सही करतात. मग आयुष्यभर शाळा चालवलेल्या माणसाला तिथे बसवून काय साधलं?

मला आपल्या घरातल्या सर्वांत थोरल्या बाईची आठवण येते. किल्ल्या सुनेकडे गेलेल्या असतात, व्यवहार मुलगा बघतो. पण लग्नाच्या याद्या तिच्यासमोर वाचतात, भांडण झालं तर ती बसलेली असताना आवाज खाली येतो. तिचा हा मान पदामुळे नसतो, आधी उपसलेल्या कष्टांमुळे असतो. कष्ट न करता नुसती खुर्ची मिळाली तर मात्र ती खरोखरच शोभेची. झाकीर साहेबांच्या सहीमागे दीडशे रुपयांची वीस वर्षं होती.

त्यांना गुलाबांचं फार वेड होतं. चंदीगडच्या प्रसिद्ध गुलाबबागेला त्यांचंच नाव आहे. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती भवनातच हृदयविकाराने ते गेले. पदावर असताना निधन झालेले ते पहिले राष्ट्रपती. दफन मात्र जामियाच्या आवारात झालं, आपल्या शाळेत, मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर.

तेव्हा येत्या शिक्षक दिनाला नातवंडांचं भाषण लिहून द्याल, तेव्हा राधाकृष्णन यांच्यानंतर दोन ओळी या गुरुजींसाठीही ठेवा. मिठाईची गोष्ट सांगाच. मुलांना ती बरोबर कळते.