रेड (डिस्क मांडणी)

रेड ही संगणकातील दोन किंवा अधिक डिस्क एकत्र जोडून त्यांपैकी एखादी निकामी झाली तरी माहिती शाबूत ठेवण्याची पद्धत आहे. (अपवाद 'रेड ०' या प्रकाराचा, त्यात केवळ वेग मिळतो, संरक्षण मुळीच नाही.) डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात लिहिलेल्या व १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधातून ही संज्ञा रूढ झाली. मोठ्या संगणकांच्या एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरता येतील, हा त्यांचा मूळ युक्तिवाद होता. नावातील 'स्वस्त' या अर्थाच्या शब्दाच्या जागी पुढे 'स्वतंत्र' या अर्थाचा शब्द आला.

== कार्यपद्धती ==
'रेड १' मध्ये एकच माहिती दोन डिस्कवर जशीच्या तशी लिहिली जाते. त्यामुळे निम्मी जागा खर्ची पडते. 'रेड ५' मध्ये प्रतीऐवजी पॅरिटी साठवतात. तीन डिस्कवरील बिट १, ० आणि १ असतील तर त्यांतील १ ची संख्या सम असल्याने पॅरिटी बिट ० येतो. मधली डिस्क गेल्यास उरलेल्या १, १ आणि पॅरिटी ० यांवरून हरवलेला बिट ० होता हे काढता येते. ४ टेराबाइटच्या चार डिस्कमधून अशा प्रकारे १२ टेराबाइट जागा मिळते. 'रेड ६' दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी तग धरते, परंतु जागा ८ टेराबाइट उरते.

== उभारणी ==
मांडणी स्वतंत्र कंट्रोलर कार्डावर किंवा कार्यकारी प्रणालीतूनच करता येते. लिनक्समध्ये यासाठी 'एमडीएडीएम' ही आज्ञावली वापरतात. विंडोज ८ पासून 'स्टोरेज स्पेसेस' ही सोय आहे. मांडणी करताना डिस्कवरील जुनी माहिती सहसा पुसली जाते, म्हणून ती आधी अन्यत्र उतरवून घ्यावी लागते. एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातून घेतलेल्या डिस्क एकाच सुमारास बिघडण्याची शक्यता अधिक असते. प्रत्येक डिस्कवर तिचा अनुक्रमांक चिकटवून ठेवणे हे काम क्षुल्लक वाटते, परंतु बिघडलेल्या डिस्कऐवजी चांगलीच डिस्क काढली गेल्याने पूर्ण मांडणी कोसळू शकते. बिघाडाची सूचना ई-मेलने मिळण्याची व्यवस्थाही तितकीच आवश्यक आहे. एक डिस्क गेल्यावरही काम सुरळीत चालते, आणि दुसरी जाईपर्यंत कोणाच्या ते लक्षातच येत नाही.

== खानदेशातील वापर ==
धुळे येथील इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ (स्थापना १९२७) व समर्थ वाग्देवता मंदिर येथे जुनी कागदपत्रे व हस्तलिखिते आहेत. अशा संग्रहाच्या स्कॅनिंगचा हिशेब उद्बोधक ठरतो. ए४ आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयला, संक्षेपाविना, सुमारे २६ मेगाबाइट जागा घेते. एक लाख पानांना सुमारे २.६ टेराबाइट लागतात. ही माहिती ४ टेराबाइटच्या दोन डिस्कच्या 'रेड १' मध्ये मावते.

येथील अडचण जागेची नसून उन्हाळ्याची व विजेची आहे. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तर बहुतेक हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. बंद कपाटात ठेवलेला संगणक ही मर्यादा सहज गाठू शकतो. 'रेड ५' मध्ये लेखन चालू असताना वीज गेल्यास माहिती व पॅरिटी यांत विसंगती राहू शकते. यास 'राइट होल' म्हणतात. यूपीएस जोडून वीज जाताच संगणक आपोआप बंद होईल अशी व्यवस्था केल्यास हा धोका बराच कमी होतो.

== मर्यादा ==
नवी डिस्क बसवल्यानंतर होणारी पुनर्बांधणी हा सर्वांत नाजूक काळ असतो. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने भरली तरी ११ तास लागतात. तेवढ्या वेळात 'रेड ५' मधील उरलेल्या सर्व डिस्क अखंड वाचल्या जातात आणि त्यांतील दुसरी गेल्यास सारे संपते. म्हणून मोठ्या डिस्कसाठी 'रेड ६' श्रेयस्कर मानतात.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल मांडणीतील सर्व डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते; रॅन्समवेअर, चोरी, आग यांपुढेही तिचा उपयोग नाही. त्यासाठी वेगळ्या डिस्कवरील प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या गावी ठेवतात. धुळ्यातील संग्रहाची प्रत जळगावी ठेवणे हे त्याचे साधे उदाहरण होय.