आधी महाविद्यालय, मग स्तूप

नागपूरच्या दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला जमणारा जनसमुदाय ज्या भव्य घुमटापुढे नतमस्तक होतो, तो घुमट हे या भूमीवरचे पहिले मोठे स्मारक नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचे महाविद्यालय येथे 1964 मध्ये सुरू झाले. स्तूपाचे बांधकाम 1978 मध्ये हाती घेण्यात आले आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले ते 18 डिसेंबर 2001 रोजी. म्हणजे मधली 37 वर्षे हा मेळावा, खऱ्या अर्थाने, एका महाविद्यालयाच्या आवारात भरणारा मेळावा होता. निधीची चणचण असल्यामुळे असा क्रम पडला असे कोणी म्हणेल. परंतु नागपूरचा त्याआधीचा अर्धशतकाचा इतिहास पाहिला तर हा क्रम योगायोगाने पडला असे वाटत नाही.

स्वतः मजुरीची ओझी वाहिलेल्या आणि पुढे शिकून शिक्षिका झालेल्या जाईबाई चौधरी यांनी 1922 मध्ये नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली होती, आणि त्यांच्याही आधी किसन फागूजी बनसोडे यांनी शाळा व वृत्तपत्रे ही दोन्ही साधने हाती धरली होती. 1920 मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद याच शहरात भरली. जुलै 1942 मधील परिषद तर अनेक अर्थांनी निर्णायक ठरली: शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या राजकीय पक्षाच्या स्थापनेचा ठराव तेथे झाला, 20 जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र महिला परिषद झाली आणि शिक्षण, संघटन व संघर्ष यांचा बाबासाहेबांचा प्रसिद्ध उपदेशही याच नागपूर मुक्कामातला. त्यात शिक्षणाचा क्रम पहिला आहे, हे नागपूरकरांनी विसरू दिले नाही.

14 ऑक्टोबर 1956 रोजी जे घडले ते सर्वज्ञात आहे. वामनराव गोडबोले यांच्या पुढाकाराने, लस तयार करणाऱ्या शासकीय संस्थेजवळच्या मोकळ्या मैदानावर, कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना व सविताबाईंना त्रिशरण आणि पंचशील दिले, म्हणजे बुद्ध, धम्म व संघ या तिघांना शरण जाण्याचे आणि पाच शीलांच्या आचरणाचे वचन त्यांच्याकडून घेतले. त्यानंतर स्वतः बाबासाहेबांनी पांढऱ्या वस्त्रांत आलेल्या लाखो स्त्रीपुरुषांना धम्माची दीक्षा दिली आणि 22 प्रतिज्ञा वदवून घेतल्या. अवघ्या आठ आठवड्यांत, 6 डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यामुळे मैदान मोकळे, नेता गेलेला आणि अनुयायी नव्या धम्मात नुकतेच आलेले, अशा विलक्षण अवस्थेत स्मारकाचा प्रश्न उभा राहिला. दादासाहेब गायकवाड, 1956 मध्ये नागपूरचे उपमहापौर असलेले सदानंद फुलझेले आणि पुढे रा. सू. गवई यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी स्मारक समितीमार्फत तो सोडवला, तो आधी वर्गखोल्या बांधून. येथे बाबासाहेबांचाच कित्ता गिरवलेला दिसतो, कारण 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून त्यांनी मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद ही महाविद्यालये उभी केली होती.

स्तूपाबद्दल एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. प्राचीन स्तूप हा अस्थी वा पवित्र अवशेष पोटात ठेवून रचलेला भरीव ढीग असतो, आणि भाविक त्याच्या भोवती प्रदक्षिणा घालतो. वास्तुरचनाकार शिवदानमल यांचा नागपूरचा स्तूप सांचीच्या धर्तीवरचा असूनही आतून पोकळ आहे, त्याच्या 120 फूट व्यासाच्या घुमटाखाली माणसे जमू शकतात. माणसे जमण्याच्या घटनेतूनच पवित्र झालेल्या जागेला हे रूप अधिक साजेसे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

शिक्षणसंस्था आणि स्मारक यांच्या या नात्याची कसोटी नागपूरबाहेर लागली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी संमत केला आणि त्याविरुद्ध मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले, जाळपोळ व हत्या यांचे सत्र सुरू झाले. ठरावाची अंमलबजावणी थांबली. तेव्हा प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर 1979 मध्ये लाँग मार्च निघाला तो दीक्षाभूमीवरून, शेकडो किलोमीटर दूरच्या औरंगाबादकडे, आणि त्याचे नेतृत्व एका प्राध्यापकाकडे असावे यातही बरेच काही आले. नागपूरच्या इंदोरा भागातील नामांतर शहीद स्मारक या लढ्यात शहराने दिलेल्या बळींची नोंद आहे. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी नामांतराऐवजी नामविस्तार झाला, म्हणजे ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून त्याआधी बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. ही तडजोड होती, आणि तिच्यासाठी मोजलेली किंमत पाहता ती उशिरा आलेली तडजोड होती. तरीही त्या तारखेला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी दरवर्षी लोटणारी गर्दी तिला विजय म्हणूनच साजरी करते.

लाँग मार्चच्याच वर्षी, 1979 मध्ये, बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या शासकीय ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्याचे संपादक वसंत मून हे नागपूरच्या वस्तीत वाढलेले. आज दीक्षाभूमीवरच्या मेळाव्यात हे जाडजूड खंड, राज्यघटनेच्या प्रती आणि ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ यांची विक्री करणारी दुकाने रांगेने मांडलेली असतात, आणि दर्शन आटोपून परतणारी खेड्यातली माणसे, पुष्कळदा घरातल्या शाळकरी मुलाकडून मुखपृष्ठावरचे नाव वाचवून घेत, पिशवीत एखादे पुस्तक टाकतात.