मोकळ्या जागेत उद्या दुसरी इमारत उठली तर? फ्लॅट घेण्याआधी बिल्डरने काय सांगणं बंधनकारक आहे

मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा म्हातारपणी दवाखाना जवळ असावा म्हणून गावाकडची बरीच कुटुंबं तालुक्याच्या ठिकाणी फ्लॅट घेतात. जागा पाहायला गेलं की इमारतीशेजारी मोकळी जागा दिसते. 'इथं बाग होणार', असं सांगितलं जातं. काही वर्षांनी त्याच जागेत जेसीबी येतो. विचारायला गेलं तर बिल्डर करारनामा पुढं करतो, 'तुमचीच सही आहे की!'

त्या सहीला खरंच किती किंमत आहे, हे समजून घ्यायला आधी एफएसआय माहीत हवा. जमिनीवर एकूण किती बांधकाम करता येईल, त्याचं हे माप. समजा २० गुंठे, म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर जागा आहे आणि एफएसआय १.१ आहे. मग २,२०० चौरस मीटर बांधकाम करता येतं. पहिल्या इमारतीत १,५०० वापरलं, तर ७०० शिल्लक. शिवाय शासनाला प्रीमियम भरून किंवा दुसरीकडचा टीडीआर विकत घेऊन नियमांच्या मर्यादेत हा आकडा वाढवता येतो. हे शिल्लक आणि वाढीव बांधकाम म्हणजेच पुढचे विकास हक्क. आज रिकामी दिसणारी जागा कागदावर रिकामी असेलच असं नाही.

हा आकडा बिल्डरने लपवून ठेवायचा नाही. महारेराच्या नमुना करारनाम्यात त्यासाठी वेगळं कलमच आहे. आज किती एफएसआय उपलब्ध आहे आणि प्रीमियम, टीडीआर वगैरे धरून एकूण किती वापरायचं ठरवलं आहे, हे दोन्ही आकडे चौरस मीटरमध्ये लिहावे लागतात. बऱ्याच जणांची नजर किंमत आणि ताब्याच्या तारखेवर जाते, या कलमावर जात नाही. आकड्याची जागा कोरी असेल तर सही करू नये. करारनामा नोंदवण्याआधी फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्यात मनाई आहे. त्यामुळं वाचायला वेळ मिळतो. 'आजच पैसे भरा, नाहीतर फ्लॅट जाईल' या घाईला बळी पडायचं कारण नाही.

आता सहीबद्दल. जुन्या करारांत 'बिल्डर पुढं जे बांधकाम करेल त्याला माझी संमती आहे' असं वाक्य सर्रास असायचं. १९६३ च्या मोफा कायद्याखाली असाच वाद जयंतीलाल इन्व्हेस्टमेंट्स विरुद्ध मधुविहार सोसायटी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. संपूर्ण प्रकल्पाचा आराखडा आणि त्या जमिनीवर किती बांधकाम होऊ शकतं हे खरेदीदाराला आधीच खरं आणि पूर्ण सांगणं ही बिल्डरची जबाबदारी आहे, असं न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं. पुढं २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच प्रकरणात अशी सरसकट संमती ही कायद्याला अपेक्षित संमती नव्हे, असं म्हटलं. नेमकं काय बांधणार ते कळल्यावर दिलेली संमतीच खरी.

रेरा कायद्याच्या कलम १४ मध्येही हेच तत्त्व आहे. मंजूर आराखड्यात किंवा सामाईक जागेत बदल करायचा असेल, तर बिल्डर सोडून किमान दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी पूर्वसंमती लागते. एकाच माणसाच्या नावावर पाच फ्लॅट असले तरी मत एकच धरतात.

रहिवाशांना न विचारता बांधलं तर काय होतं, ते नोएडात सगळ्या देशाने पाहिलं. पहिल्या आराखड्यातल्या बागेच्या जागेवर सुपरटेकने दोन टॉवर उभे केले. रहिवासी कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ते पाडायचा आदेश दिला आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी स्फोटकं लावून दोन्ही पाडले गेले. अर्थात, ही लढाई वर्षानुवर्षं चालली होती.

त्यापेक्षा आधीच तपासलेलं बरं. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरा नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. मोबाईलने तो स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती उघडते. मंजूर नकाशा बघा, इमारती किती दाखवल्यात ते मोजा आणि 'बागेची' जागा नकाशात काय आहे ते पाहा.

एक अडचण तालुक्याच्या गावांत जास्त येते. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर महारेरा नोंदणी लागत नाही. म्हणजे वेबसाईटवर काही सापडणार नाही. अशा इमारतींना मोफा लागू आहेच. तिथं मंजूर नकाशाची प्रत बिल्डरकडून मागून घ्यावी आणि नगरपरिषदेतल्या नकाशाशी ताडून पाहावी.

सोसायटीऐवजी 'अपार्टमेंट' असेल तर आणखी एक कागद महत्त्वाचा, तो म्हणजे नोंदणीकृत घोषणापत्र. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याप्रमाणे सामाईक जागा आणि सोयींमध्ये प्रत्येक फ्लॅटधारकाचा किती टक्के अविभक्त हिस्सा आहे, ते त्यात लिहिलेलं असतं. सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय तो हिस्सा बदलता येत नाही. गच्ची, पार्किंग किंवा वाढीव एफएसआय बिल्डरने स्वतःकडे राखून ठेवल्याचं वाक्य असेल तर तेही इथंच सापडतं.

सोसायटी झाली तरी जमीन आपोआप तिच्या नावावर होत नाही. त्यासाठी कन्व्हेयन्स म्हणजे अभिहस्तांतरण करून घ्यावं लागतं. ते रखडलं की जमीन जुन्याच नावावर राहते आणि उद्या एफएसआय वाढला तर त्यावरून नवा वाद उभा राहतो. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. नोंदणीकृत प्रकल्पातल्या फसवणुकीची तक्रार महारेराकडे ऑनलाईन करता येते, फी ५,००० रुपये. तिथं तोंडी आश्वासनं सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून बागेचं चित्र असलेलं माहितीपत्रक आणि व्हॉट्सॲपवर आलेली जाहिरात जपून ठेवावी. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील, तर कलम १२ खाली भरपाई किंवा व्याजासह पैसे परत मागता येतात.